निरोपाच्या पदातला एक इसम

त्या नाटकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याच्यावरून पुढे बोलपट निघाला, तो गावोगाव चालला, नाटक कंपनीच्या मालकानं त्यावर पुण्याला बंगला बांधला असं ऐकलं. बांधला असेल. त्याची फुकट जाहिरात माझ्या हातून व्हायची नाही. मला सांगायचं आहे ते नरसिंगअण्णांविषयी, आणि त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मला आधी राग येतो, बाकीचं मागून आठवतं. अण्णांना हे पसंत पडलं असतं. "राग शिळा होऊ द्यायचा न्हाई, वैनी," ते म्हणत, "रोज थोडा उन करून खायचा."

लग्न होऊन मी सेलूला आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे हे एका जिनिंगमध्ये कारकून होते. आमच्या घराची एक भिंत अण्णांच्या घराला लागून. आल्याआल्याच सासूबाई म्हणाल्या, "चोळी शिवायची असंल तर शेजारी टाक. माप द्यायला लाजू नको, त्यो आपल्यातलाच हाय." आपल्यातला म्हणजे नात्यातला की जातीतला, मला कळेना. गेले तर ओट्यावर शिवणयंत्रामागे पन्नाशीचा एक दांडगा माणूस बसलेला, ओठांवर ह्या एवढ्या मिशा. मी दारातच थबकले. त्यांनी मान वर केली, एकदा बघितलं आणि कापडावर खडूनं रेघा मारायला लागले. "झालं. जा," म्हणाले. "परवा न्या." चोळी अशी बसली की माझ्या आईनं शिवलेली एकही कधी तशी बसली नव्हती.

सासूबाईंच्या 'आपल्यातला'चा अर्थ मग कळला. अण्णा एका मोठ्या संगीत नाटक कंपनीत स्त्रीपार्टी होते. त्या काळी नाटकात बायकांची कामं पुरुषच करीत आणि त्यांना स्त्रीपार्टी म्हणत. मालक नायक आणि अण्णा नायिका, असं त्यांनी उभं आयुष्य काढलं. मूळ गाव पोखर्णी. तिथल्या नरसिंहाच्या देवळामुळे त्या बाजूला घरटी एक नरसिंग असतोच. खांब फोडून बाहेर आलेल्या देवाचं नाव लावणारा हा माणूस वर्षानुवर्षं शालू नेसून मालकाची बायको झाला होता. कंपनी सोडली त्या दिवसापासून त्यांनी मिशीला वस्तरा लावला नाही. "इतकी वर्षं अडवून धरल्या व्हत्या, आता जाऊ द्या त्यायला कुठं जायचं तिथं," म्हणायचे.

मिशा आल्या तरी नायिका काही पुरती गेली नव्हती. अण्णा कुणाकडे पाठ करीत नसत. बोलता बोलता आत जायचं झालं तर ते तिरके सरकत जात, चेहरा आपल्याकडे, हात मागे उंबरा चाचपत. रंगमंचावर प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही, ते अंगात इतकं मुरलं होतं की वाण्याच्या दुकानातून गूळ घेऊन निघतानाही वाणी प्रेक्षक व्हायचा. गल्लीतली पोरं त्यांच्या मागे तिरकी चालत. पोरांवर ते रागावत नसत. मोठ्या माणसानं हसावं, मग बघावं.

त्यांच्या रागाचीही एक तऱ्हा होती. एरवी अण्णांची भाषा आमच्यासारखीच, लय आणि हाय आणि न्हाई. पण संताप आला की ते नायिकेच्या भाषेत शिरत. एकदा एका पाटलिणीनं अण्णांनी शिवलेली चोळी उगाच घट्ट होते म्हणून ओट्यावर फेकली. अण्णा उठले, नसलेला पदर सावरला आणि म्हणाले, "बाईसाहेब, आपणांस आमची कला नको असेल, तर आमचा अपमानही आपल्या घरीच राहू द्यावा." मिशांमधून ते असलं शुद्ध बोलणं आलं की ऐकणाऱ्याला हसावं की पाया पडावं कळत नसे. पाटलीण चोळी उचलून घेऊन गेली. पुढे ती ज्या लग्नाला जाई तिथे तीच चोळी घालून जाई.

बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याची गोष्ट तर सगळ्या सेलूला माहीत होती. अण्णा रस्त्यानं चालले की हा गादीवरून उठून त्यांच्या चालीची नक्कल करी आणि गिऱ्हाइकांना हसवी. अण्णांनी काही म्हटलं नाही. ते रोज सकाळी त्याच्या दुकानासमोरच्या निंबाखाली जाऊन बसायला लागले. नुसते बसायचे आणि त्याच्याकडे बघायचे. मग एके दिवशी भरबाजारात ते त्या कापडवाल्यासारखे चालू लागले. ढेरी, खाकरणं, धोतराचा सोगा धरायची लकब, बायकोनं हाक मारली की खांदे पाडायची सवय, सगळं. लोकांनी पोटं धरली. अण्णा तिथेच थांबले नाहीत. बाजाराच्या दिवशी, सणाला, कुणाच्या वरातीत, जिथे तो असेल तिथे त्याच्या मागे चार पावलांवर तसेच चालायचे. शेवटी तो स्वतः कसं चालावं हे विसरला, पाय अडखळायला लागला. एक दिवस ओट्याशी येऊन हात जोडून उभा राहिला. अण्णा म्हणाले, "मी कुटं काय म्हनलं तुमाला?" आणि पुढच्या बाजारीही चालले.

तर असा माणूस. त्याच्याशी मालकानं जे केलं ते करायला नको होतं.

आता निरोपाच्या पदाविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायक लढाईला निघतो आणि बायकोचा निरोप घेताना एक पद म्हणतो. पदाच्या शेवटी 'जातो' हा शब्द. तो शब्द घेऊन वर चढायचं, वरच्या सुरावर लांबवर थांबायचं आणि तिथून तान घेत खाली यायचं. मालकांचा गळा तरुणपणी तिथे सहज पोचे. पुढे चाळिशी आली, तंबाखू आली, जागरणं झाली आणि एका प्रयोगात श्वास तिथेच तुटला. नाट्यगृह भरलेलं. मालक तोंड उघडं ठेवून उभे. अण्णा नायिका होऊन शेजारी होते. त्यांनी पुढे होऊन मालकांच्या ओठांवर हात ठेवला आणि म्हणाले, "जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

हे नाटकात लिहिलेलं नव्हतं. पण आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, चुकून म्हणालाच तर घरातली बाई त्याला तिथल्या तिथे अडवते, हे कुठल्या प्रेक्षकाला माहीत नाही? अख्खं नाट्यगृह उठलं. बायका पदराला डोळे पुसायला लागल्या. आणि मग आला वन्समोर. मालक पुन्हा गायले, पुन्हा 'जातो'वर अडले, या वेळी अण्णांनी बरोबर जागा धरून हात ठेवला. त्या दिवसापासून तो नाटकाचा भाग झाला. लोक त्या एका वाक्यासाठी गाड्या जुंपून येत. मालकांचा श्वास तुटतो म्हणून ते वाक्य आहे, हे फक्त दोघांना माहीत. "आमी दोघं नवराबायकोच म्हना की," अण्णा मला म्हणाले होते. "नवऱ्याचं उणं बायकूनं झाकायचं असतं. मी झाकलं. तक्रार न्हाई."

मग मालकांच्या डोक्यात बोलपट शिरला. ते अण्णांना म्हणाले, कॅमेरा तोंडाजवळ येतो, तुझी हनुवटी दिसेल, बाई घ्यावी लागेल. ऐकणाऱ्याला वाटतं अण्णांचा राग इथला. मुळीच नाही. मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं. "बाईचं काम बाईनं करावं, त्यात काय खोटं हाय?" ते म्हणाले. "माझ्या हनुवटीचं मलाच ठाव हाय. मी मालकाला एकच मागितलं. त्ये वाक्य शिनेमात घेनार, तर माझं नाव घाला. नरसिंग पोखर्णीकर. जाहिरातीत घाला, न्हाईतर पडद्यावर घाला. कुटंतरी घाला." मालकांनी पेटीवर हात ठेवून शब्द दिला. पेटी म्हणजे गाणाऱ्याचं दैवत. अण्णा समाधानानं सेलूला आले आणि शिवणयंत्र टाकून बसले.

बोलपट तयार होऊन फिरायला लागला तेव्हा त्याच्याआधी बातम्या आल्या. अण्णांचा ओटा म्हणजे आमच्याकडचं नाटकाचं न्यायालय होतं. कापूस घेऊन आलेले लोक, शाळेतले मास्तर, आम्ही बायका, सगळे तिथे आपापली मतं आणून टाकत. परभणीला बघून आलेला एक जण म्हणाला की बाई लय देखणी आहे, नाटकात एवढं देखणं कुणी पाहिलंच नव्हतं. दुसरा म्हणाला, देखणी असेल, पण पदं निम्मीअर्धी कापलीत, एक पद सुरू होतं न होतं तोच घोडे धावतात. मास्तरांचं म्हणणं की काळ बदलला, रात्रभर पदं ऐकत बसायला वेळ कुणाला आहे. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मला हाय." कुणी म्हणे घोडे खरे आहेत, नदी खरी आहे, नाटकात नदी म्हणजे पडदा हलवायचे. अण्णा शिवता शिवता ऐकत. बाईची कुणी निंदा केली तर तिची बाजू घेत. "पोरगी शिकंल. पयल्यांदा मलाबी पदर धरता येत नव्हता," म्हणत.

मग तंबूवाले सेलूत आले. जिनिंगच्या मागच्या मैदानात तंबू उभा राहिला, छकड्यावर ताशा वाजवत हँडबिलं वाटली गेली. मालक स्वतः पहिल्या खेळाला येणार होते, एका आडत्याकडे उतरणार होते. एक हँडबिल अण्णांच्या ओट्यावर पडलं. मी वाचून दाखवलं, कारण अण्णांना चष्मा सापडत नव्हता. त्यात लिहिलं होतं: 'रंगभूमीवर ही भूमिका पूर्वी एक इसम करीत असे. बोलपटात प्रथमच साक्षात स्त्री.'

अण्णांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं. "काय म्हनलं?"

मी पुन्हा वाचलं. एक इसम. पोलिसांच्या पंचनाम्यात असतो तसा. विहिरीत एक इसम आढळला, त्यातला.

अण्णांनी चाक पुन्हा फिरवलं. संध्याकाळपर्यंत पेठेत त्यांना 'काय इसमराव' म्हणायला लोकांनी सुरुवात केली. सगळ्यात मोठ्यानं म्हणाला तो कापडवाला. त्याचे दिवस आले होते.

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब आले. अमीन म्हणजे आमच्याकडचे पोलीस अधिकारी, हैदराबादकडचे, नाटकाचे मोठे शौकीन. त्यांच्या बेगमेचे कपडे अण्णाच शिवत. हँडबिल तिथेच पडलं होतं. मराठी त्यांना वाचता येत नसे, पण बोललेलं सगळं समजे. आमच्या ह्यांनी वाचून दाखवलं तसे ते विचारात पडले.

"अण्णा, इस्म बोले तो नाम," ते म्हणाले. "हमारे यहाँ किसी शरीफ आदमी को पूछते ना, इस्म-ए-शरीफ? एक इस्म. यानी एक नाम. फिर वो नाम किधर है?"

अण्णा हळूच हसले. ते हसणं मी कधी विसरणार नाही. कापडवाल्याच्या दुकानासमोर निंबाखाली बसायचे तेव्हा चेहऱ्यावर तेच असायचं.

"त्येच विचारायचंय, साहेब," म्हणाले. "सेलूच्या पब्लिकसमोर. त्याच्याच तोंडून."

पहिला खेळ दिवेलागणीला होता. तंबूत एका बाजूला आम्हा बायकांसाठी कनात लावून जागा केली होती. सासूबाई पुढे, मी त्यांच्या शेजारी. पलीकडे पुरुषांच्या बाजूला अगदी पहिल्या रांगेत अण्णा. धुतलेलं धोतर, काळा कोट, मिशांना तेल. कडेच्या खुर्चीवर अमीनसाहेब. खेळाआधी मालक पडद्यासमोरच्या फळ्यांवर उभे राहून चार शब्द बोलले. जरीची पगडी, गोरा भरलेला चेहरा, बोटात अंगठ्या. मराठवाड्याच्या रसिकांचं ऋण वगैरे. अण्णांकडे त्यांची नजर गेली आणि तशीच पुढे गेली. ओळख नाही. मला कनातीमागून दिसलं. माझ्या हातापायांची आग झाली, आणि अण्णा शांत बसले होते.

बोलपट सुरू झाला. खोटं कशाला बोलू, घोडे छान होते. बाई खरोखर देखणी होती. पण तिचा शालू असा नेसवला होता की ती तीन पावलं चालली की निऱ्यांत अडखळे. आम्ही बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होतो. मग निरोपाचं पद आलं. मालकांनी तोंड उघडलं आणि आवाज आला कोवळ्या, चढ्या गळ्याचा. 'जातो'वर तो सहज वर गेला, हवा तेवढा थांबला आणि अलगद तान घेऊन खाली आला. कुठे खरखर नाही, कुठे धाप नाही. पद संपलं. आणि संपल्यावर बाईनं येऊन तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, जातो म्हणू नये, येतो म्हणावं.

तंबूत काहीच झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी हललं नाही. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता कामून बोलली ही? त्याचं तर झालं की म्हनून."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अण्णांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण नाट्यगृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज होता. "वन्समोर."

सेलूच्या पब्लिकला एवढंच पाहिजे होतं. नाटकात वन्समोर मागायचा, नट परत म्हणणार, हा आमचा हक्क होता. पलीकडून एकानं घेतला, मग दहांनी, मग सगळ्या तंबूनं. पडद्यावर लढाई सुरू झाली होती, तिच्याकडे कुणी बघेना. यंत्रवाला घाबरून ओरडला की रीळ पुढे गेलं, मागे येत नाही. कनातीच्या आतून एक बारीक आवाज आला, वन्समोर. तो सासूबाईंचा होता. सेलूत बायकांच्या बाजूनं वन्समोर तोवर कधी गेला नव्हता. मग आम्ही सगळ्याच ओरडलो.

यंत्र थांबलं. बत्ती लागली. आडत्या धावत अमीनसाहेबांकडे गेला, हे बंद करवा म्हणाला. अमीनसाहेबांनी पायावर पाय टाकला. "पब्लिक फर्माइश कर रही है," म्हणाले. "फर्माइश जुर्म नहीं."

मालक पुन्हा फळ्यांवर चढले. "रसिकहो," हसत म्हणाले, "हे यंत्र आहे. यंत्राला वन्समोर देता येत नाही."

जिंतूरकडून कापसाच्या गाड्या घेऊन आलेला एक म्हातारा शेतकरी मागून म्हणाला, "यंतर ऱ्हाऊ द्या की. तुमी तर हायेत न्हवं? तुमी म्हना."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यानं भोळेपणानं मागितलं होतं, आणि म्हणूनच ते टाळता येईना. कुणीतरी भजनी मंडळाची पेटी आणली. मालकांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. बोलपटातला गळा आपला नाही, दुसऱ्याचा आहे हे सांगावं तरी बोलपट गेला, न सांगावं तरी म्हणावं लागणार. ते पेटीशी बसले. सुरुवात चांगली केली, हे मी मान्य करते. खालच्या सुरात अजून काही होतं, पब्लिक शांत झालं. जुन्या लोकांनी माना हलवल्या. पद चढत चढत 'जातो'पाशी आलं. मालक वर गेले, आणि श्वास तुटला.

नाटकात तुटायचा तसाच, त्याच जागी.

मालकांनी डावीकडे मान वळवली. तिथे कुणी नव्हतं. तिथे नेहमी जी बाई उभी असे ती खाली पहिल्या रांगेत, मिशा ठेवून, मांडीवर हात ठेवून बसली होती. सगळा तंबू त्या एका वाक्याची वाट बघत थांबला. ते वाक्य येणार हे माहीत असलेले लोक होते ते, कितीकांनी ते नाटक दहादहादा पाहिलेलं. मालकांनी तुटलेला सूर पुन्हा पकडायला बघितलं, नुसती हवा आली. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा त्यांच्याकडे बघत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. पेटीचा भाता तेवढा हलत होता.

"नरसिंगा," मालक म्हणाले. "नरसिंग पोखर्णीकर. अरे, टाक ना वाक्य."

सबंध सेलूनं ऐकलं. अमीनसाहेब खुर्चीत पुढे झुकले.

मला वाटलं आता अण्णा उठतील आणि त्या शुद्ध, धारदार भाषेत काहीतरी सुनावतील. ते उठले. पण बोलले ते आमच्याच बोलीत, अगदी सावकाश. "कोन नरसिंग? रंगभूमीवर एक इसम व्हता म्हनं. त्याला इचारा."

आणि त्यांनी पाठ फिरवली. तिरके सरकले नाहीत, उंबरा चाचपला नाही. मालकांकडे सरळ पाठ करून, मधल्या वाटेनं, ताठ चालत तंबूबाहेर गेले. त्यांच्या मागून लोक उठायला लागले. तो जिंतूरचा म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, "म्हंजी बाई त्ये व्हते का?" पुढची लढाई फार थोड्यांनी बघितली.

दुसऱ्या दिवशी आडत्या ओट्यावर आला. मालकांचा निरोप होता की नवीन हँडबिलं छापतो, नाव घालतो, मोठ्या अक्षरात घालतो, फक्त पुढच्या गावांत हा प्रकार पसरवू नका. अण्णा बटणाला काज करीत होते.

"आता नगं," म्हणाले. "हाय तसंच ऱ्हाऊ द्या. 'एक इसम'च ऱ्हाऊ द्या. मानसं वाचतील आन् इचारतील, इसम कोन व्हता. मंग लोकं सांगतील. पैशे देऊन छापलेलं कोन वाचतंय?"

झालंही तसंच. आमच्या भागात तो बोलपट जिथे लागला तिथे निरोपाच्या पदाला वन्समोर पडला. लोक आता तेवढ्यासाठीच जात, पद आलं की ओरडत, पद गेलं की उठत. शेवटी तंबूवाल्यांनी तो खेळ या मुलुखात आणणं बंद केलं. कापडवाला पुन्हा गप्प झाला.

ओट्यावर मात्र मतं दोन झाली. मास्तर म्हणाले, अति झालं, मालक म्हातारा माणूस होता, एक वाक्य टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? काही बायकाही म्हणाल्या, काही झालं तरी इतक्या वर्षांचा नवरा. मी मास्तरांशी त्या दिवसापासून बोलले नाही. सूड घेऊन माणूस आतून रिकामा होतो, असं मास्तर पोरांना शिकवीत. अण्णा काही रिकामे झाले नाहीत. त्यांना चांगली भूक लागायला लागली. हुरडा खाल्ला, पुरणपोळ्या खाल्ल्या, अंगानं भरले, काळा कोट दोनदा उसवून मोठा करावा लागला. इतका समाधानी माणूस मी पुढे फार कमी बघितला.

निजामाचं राज्य जायच्या आधीचं वर्ष आमच्याकडे वाईट गेलं. रात्रीबेरात्री दारं वाजत. पुष्कळ लोक निजामाची हद्द ओलांडून पलीकडच्या इलाख्यात गेले, आमचंही जायचं ठरलं. मी बोचकी बांधत होते. मनमाडकडून आलेल्या कुणीतरी ह्यांना चार दिवसांचं शिळं वर्तमानपत्र दिलं होतं, तिकडच्या बातम्या त्यातूनच कळत. ह्यांनी ते उलटून पाहिलं आणि मला एक कोपरा दाखवला. मालक गेले होते. शेवटी घसा पार गेला होता, असं लिहिलं होतं.

ह्यांना सांगायचा धीर होईना, म्हणून मी गेले. अण्णा ओट्यावर जेवायला बसले होते, भाकरी आणि ठेचा. मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. कशानं गेले ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी उरलेली भाकरी संपवली, ताट पुसून घेतलं, पाणी प्यायले. मला वाटलं झालं, एवढंच. मी घरी आले आणि बोचकी बांधायला लागले.

थोड्या वेळानं मागच्या बाजूला पोहऱ्याचा आवाज आला. मी परसात गेले. पौषाची थंडी होती, उतरतं ऊन होतं. अण्णा विहिरीच्या काठी अंगावरच्या कपड्यांसकट बसले होते आणि डोक्यावर पाणी ओतून घेत होते. आपलं माणूस गेल्याची बातमी आली की करतात ती आंघोळ. पोहरा भरायचे, ओतायचे, पुन्हा सोडायचे. दात वाजत होते. धोतर अंगाला चिकटलं होतं, मिशांतून पाणी गळत होतं.

मी तिथे उभी आहे हे त्यांनी बघितलं. डोळ्यांत पाणी आलं असेल माझ्या, कारण अण्णा एकदम चिडले.

"रडू नगा," म्हणाले. "आंघूळ केली, वैनी. माफ न्हाई केलं."

आणि पोहरा पुन्हा विहिरीत सोडला.